चू बुन्निमची विसंगती

नोंद क्रमांक सतरा. कुटुंबप्रमुख : चू बुन्निम, स्त्री, वय एकसष्ट. पती : हयात, बोट लागत असल्याने प्रमुखपद स्वेच्छेने सोडलेले. राहणार सोमाक बेट, खालची वस्ती, घराचे छप्पर निळे. व्यवसाय : खडकांवरील मियोक कापणे, वाळवणे व विकणे. शिक्षण : इयत्ता चौथी. अवजारे : कोयता एक, खरवडणी दोन, लांब दांड्याची डोलची एक. प्रकृती : डावा गुडघा वगळता समाधानकारक. जोखमीच्या प्रसंगी निर्णयक्षमता : विसंगत. शिफारस : निवड करतेवेळी सदर कुटुंबास साहाय्य देण्यात यावे.

हे वर्णन जिल्हा कचेरीतल्या प्यो जूहान यांनी केलेलं आहे, आणि गुडघ्यापर्यंत ते अचूक आहे.

सोमाकवर वीस घरं. तांदूळ बाहेरून येतो, कोबी बाहेरून येतो, सुना येतील अशी आशा आता कुणी करत नाही. बेटाचं स्वतःचं असं एकच पीक आहे, मियोक, म्हणजे खायचं समुद्री शेवाळ. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर ते वाढतं, लांबलचक, काळपट तपकिरी. बाळंतिणीला पाजायच्या सुपासाठी ते घेताना घासाघीस करायची नसते, त्यामुळे भाजीवाल्याशी दोन मुळ्यांवरून भांडणाऱ्या मोकपो शहरातल्या सासवा इथे निमूट पैसे मोजतात. जानेवारीत खडक खरवडायचे, म्हणजे दुसरं गवत धरत नाही. मे-जूनमध्ये ऊन चढलं की ओहोटीच्या वेळी डोलचीने खडकांवर समुद्राचंच पाणी मारायचं, नाहीतर कोवळी पानं करपतात. जुलैच्या मोठ्या ओहोटीला कापणी. खरवडणं आणि पाणी मारणं सगळ्यांनी मिळून करायचं. कापणी मात्र ज्याच्या वाट्याला जो खडक येईल त्याने करायची.

वाटा तुंब्यातून निघतो. वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात वीस लाकडी चकत्या असतात, पंधरा पांढऱ्या आणि पाच लाल. पांढरी चकती आलेली घरं धक्क्याजवळचे खडक मिळून कापतात. घरटी आठेक जुड्या पडतात, जुडीत वीस पट्ट्या. लाल चकतीवाल्यांना दक्षिणेचा समुद्र मोकळा. तिथे दोन खडक आहेत. आतला तो ‘आजीची मांडी’. तिथे कसल्याही हवेत बोट टेकते आणि एका घराच्या तीस जुड्या कुठे जात नाहीत. बाहेरचा तो ‘घोड्याचा दात’. तिथे पंचेचाळीस निघतात, पण पाच वर्षांतल्या एका वर्षी नेमक्या कापणीच्या दिवसांत समुद्र उसळतो, बोट टेकू देत नाही, आणि लाल चकतीवाला हात हलवत परत येतो. त्याला पांढऱ्यातल्या आठही मिळत नाहीत. दोन्हीकडे पाच-पाच पाळ्या आहेत. ज्या उरतील त्या शेवटी गाव मिळून कापतं.

लाल चकती आली की ती हातात धरून उभं राहायचं आणि ‘आत’ किंवा ‘बाहेर’ म्हणायचं. चकती हातात धरून बोललेला शब्द कुणी मोडायचा नाही. मग सगळ्या चकत्या परत तुंब्यात टाकायच्या. वीसच्या वीस आत गेल्या की सोडत मिटली, आणि ती मिटल्याशिवाय कुठल्याही खडकाला कोयता लावायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. गावाचं इतिवृत्त मीच लिहितो, म्हणून खात्रीने सांगतो.

यात एक दोष होता. माणसं उभी राहत आणि बोलतच नसत. कुमदान या सत्तरीच्या बाईंना एकदा लाल चकती आली, तेव्हा त्यांनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग ढगांकडे, मग बुसानच्या मुलाला फोन लावला, ज्याने ते खडक पंचवीस वर्षांत पाहिले नव्हते. प्यो जूहान यांनी गेल्या सोडतीला घड्याळ लावून सरासरी काढली : एका निवडीस अठ्ठेचाळीस मिनिटे. कचेरीला ते सहन झालं नाही. प्यो यांना आधी बेटाचं सर्वेक्षण करायला पाठवलं गेलं आणि मग सुधारणा करायला.

सर्वेक्षण जानेवारीत झालं. बुन्निम घोट्याइतक्या पाण्यात वाकून खडक खरवडत होती. प्यो कोऱ्या करकरीत गमबुटात, हातात पाटी-कागद घेऊन तिच्यापाशी गेले.

“आजी, दोनच प्रश्न आहेत.”

“आजी तुझ्या घरी असेल. मला एकसष्टावं चालू आहे.”

“माफ करा, काकू.”

“विचार. पण नुसता उभा राहून नको. ती दुसरी खरवडणी घे.”

प्यो यांनी खरवडणी घेतली. सतरा नंबरच्या अर्जावर अक्षर थरथरलेलं दिसतं ते त्यामुळे.

“समजा, एकीकडे तीस जुड्या नक्की. दुसरीकडे पंचेचाळीस, पण पाचातल्या एका वेळी शून्य. तुम्ही काय घ्याल?”

“तीस.”

“आता दुसरा. तुंब्यात वीस चकत्या. एका खेळात त्यातल्या पाच चकत्यांना तीस जुड्या. दुसऱ्या खेळात चार चकत्यांना पंचेचाळीस. कुठला खेळ खेळाल?”

“पंचेचाळीसवाला.”

“नक्की?”

“पाच काय नि चार काय, वीसात दोन्ही सारखेच. मग जास्तीचं का नको? आणि तू खडक खरवडतोयस की कुरवाळतोयस?”

पुस्तकात वाचलेला आजार समोरच्या माणसात सापडल्यावर नव्या डॉक्टरचा चेहरा होतो, तसा प्यो यांचा झाला. त्यांनी तिला समजावून सांगितलं. वीसातून पाच म्हणजे लाल चकती. त्या पाचांतलं एक वाईट वर्षाला गेलं की उरले चार. म्हणजे दोन्ही प्रश्न एकच. दुसऱ्याच्या आधी फक्त एक सोडत लावलेली. पहिल्यात जी ‘आत’ म्हणते तिने दुसऱ्यातही ‘आत’च म्हणायला हवं.

“एकच होते तर दोनदा कशाला विचारलेस?” बुन्निम म्हणाली आणि पुढच्या खडकाकडे गेली.

न्यायाने हेही सांगायला हवं की वीसपैकी सतरा घरांनी हीच उत्तरं दिली. कुमदानबाईंनी उलटी दिली, पण ती प्यो यांना पिडायला. त्यामुळे ‘विसंगत’ आणि ‘साहाय्य देण्यात यावे’ या ओळी सतरा अर्जांवर एकाच मजकुरात आहेत. बाकीच्या सोळांनी घरी आलेली प्रत वाचून फळीवर ठेवून दिली.

जूनअखेर सुधारणा आली. सोडतीच्या दिवशी दुपारी गावाच्या सभागृहात वीस छापील अर्ज वाटले गेले. ‘लाल चकती आल्यास आपली निवड : आत / बाहेर.’ खाली बारीक अक्षरात, ‘लेखी निवड अंतिम राहील.’ ही ओळ कुणी वाचली नाही, कारण त्याच क्षणी थंड सोयादुधातल्या शेवयांची पातेली आत आली, आणि सोमाकवर शेवया वाट बघत नाहीत. वीसपैकी चौदा जणांनी ‘बाहेर’वर खूण केली. बुन्निमनेही. तिचा पेन चालत नव्हता, म्हणून तिने दोनदा केली.

मग सोडत निघाली. पाच लाल. त्यातली एक मासेमारी मंडळाचे अध्यक्ष बे सांगमान यांना, एक कुमदानबाईंना, दोन वरच्या वस्तीत. पाचवी बुन्निमला.

प्यो यांनी अर्ज चाळला. “नोंद सतरा. लाल. निवड, बाहेर. सही आहे. पुढचे...”

“आत,” बुन्निम उभी राहून म्हणाली.

“काकू, तुम्ही ‘बाहेर’ लिहिलंय. तेही दोनदा.”

“लिहिलं होतं. आता चकती हातात आहे, आता बोलते. आत.”

“पण प्रश्नच असा होता की लाल चकती आल्यास काय. आता ती आलीय. बदललं काय?”

“ती आली, हे बदललं.”

सभागृहात शेवया ओढण्याचा आवाज थांबला. अध्यक्ष बे यांनी घसा साफ केला. बुन्निमच्या नवऱ्यापेक्षा ते दोन वर्षांनी लहान, म्हणून तिला वहिनी म्हणतात आणि जपून बोलतात. “वहिनी, सगळ्यांनी मिळून ठरवलंय ना. कागद झालाय.”

“भावजी, तुमच्या हातातली चकती कुठल्या रंगाची आहे?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“दाखवा तरी.”

अध्यक्षांनी मूठ उघडली नाही. त्यांनीही ‘बाहेर’ लिहिलं होतं, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता तो काही शेवयांचा नव्हता.

“काकू,” प्यो शांतपणे म्हणाले, “बाहेर गेलात तर सरासरी छत्तीस जुड्या पडतात. आत तीस. मी तुमच्याच फायद्याचं बोलतोय.”

कोपऱ्यातून थाक जुंगशिक बोलला. नऊ वर्षांपूर्वी लाल चकती घेऊन हा घोड्याच्या दाताकडे गेला होता आणि मोकळी बोट घेऊन परतला होता. लाल चकतीवाल्याची बोट धक्क्याला लागताना अख्खं गाव दोऱ्या-टोपल्या घेऊन उतरतं. त्या दिवशीही उतरलं होतं. तेव्हापासून तो ‘रिकामा थाक’. त्याचं कुत्रंही रिकाम्याचं कुत्रं. “साहेब,” तो म्हणाला, “त्या वर्षी माझीही सरासरी छत्तीस होती. मी अजून वाट बघतोय.”

हशा पिकला. प्यो हसले नाहीत. ते म्हणाले, “हे बघा, नियम सगळ्यांना सारखा. लेखी निवड मान्य नसेल तर चकती रद्द, आणि तुम्ही पांढऱ्यात. बाहेर किंवा आठ जुड्या. द्या ती चकती तुंब्यात.”

बुन्निमने डोक्याचा रुमाल सोडला, चकती त्याच्या टोकाला बांधली, दोन गाठी मारल्या आणि रुमाल पुन्हा डोक्याला गुंडाळला.

“घे,” ती म्हणाली आणि घरी गेली.

तुंब्यात एकोणीस चकत्या राहिल्या. सोडत मिटली नाही. मोठी ओहोटी सहा दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष बे तिच्या घरी गेले. नवऱ्याने सातूचा चहा पुढे केला आणि लगेच सांगून टाकलं, “काय ते तिच्याशी बोला. मला बोटीत बसवायचं असेल तर मी आत्ताच नाही म्हणतो.”

“वहिनी, अख्ख्या गावाची कापणी अडलीय तुमच्या डोक्यावर.”

“माझ्या डोक्यावर लाकडाचा तुकडा आहे. गाव अडलंय ते त्या कागदावर.”

“तुम्हीच सही केलीत ना?”

“केली. तेव्हा हात रिकामा होता. रिकाम्या हाताने माणूस काहीही उधळतं. भावजी, वीसात एक चकती कमी झाली तर डोळ्याला दिसत नाही. पण हातात आली की मग मोजायला पाचच वर्षं राहतात.” तिने पंजा त्यांच्या तोंडासमोर धरला आणि करंगळी दुमडली. “हे दिसतं. आणि ही करंगळी म्हणजे काय ते मी नऊ वर्षं धक्क्यावर बघतेय. तो थाक अजून दुकानात मागच्या दाराने जातो.”

“म्हणजे तुम्हाला लोकांची भीती?”

“भीती कसली? मला तीस जुड्या हव्यात आणि रात्री झोप हवी. दोन्ही ‘मांडी’वर मिळतंय. तुमच्या साहेबाच्या छत्तिसात झोप कुठे धरलीय?”

अध्यक्षांनी चहा संपवला. दारातून बाहेर पडता पडता ते हळूच म्हणाले, “मी इथे आलो होतो मंडळाचा अध्यक्ष म्हणून. बाकी मी काही बोललेलो नाही.”

“ऐकलं,” बुन्निम म्हणाली.

तीन दिवस ती रुमालातल्या चकतीसह सगळ्यांबरोबर खडकांवर पाणी मारायला जात राहिली. कुणी तिच्याशी भांडलं नाही, कुणी तिची बाजूही घेतली नाही. फक्त उरलेल्या चार लाल चकतीवाल्या घरांतून तिच्याकडे ताजी काकडी, खारवलेली कोळंबी आणि एक मध्यम आकाराचा ऑक्टोपस पोचला. सोबत निरोप कसलाच नव्हता.

चौथ्या दिवशी प्यो पुन्हा बोटीने आले. या वेळी पिशवीत रंगीत आलेख होता. ओहोटी लागली होती. बुन्निम खडकावर उभी राहून डोलची फेकत होती; पाणी पंख्यासारखं पसरायचं आणि पानांवर पडताना चर्र आवाज व्हायचा. अध्यक्ष, कुमदानबाई आणि आणखी दहा-बारा जण आसपासच्या खडकांवर होते.

“काकू, खाली या. मला तुम्हाला एक गोष्ट दाखवायची आहे.”

“तिथूनच दाखव. मी खाली आले तर पानं करपतील.”

प्यो यांनी आलेख उलगडला. वाऱ्याने तो त्यांच्या तोंडाला चिकटला. त्यांनी तो परत गुंडाळला आणि पहिल्यांदाच आवाज चढवला.

“तुमच्यासारख्या मताचं काय होतं माहितेय? कुणीही लुबाडू शकतं! समजा, सोडतीच्या आधी तुमच्या नावावर ‘आत’ आहे. मी म्हणतो, एक जुडी द्या, ‘बाहेर’ करून देतो. तुम्ही द्याल. द्याल ना?”

बुन्निमने विचार केला. “देईन. पंधरा जास्त मिळणार म्हटल्यावर एक द्यायला काय?”

“मग लाल चकती आली. मी म्हणतो, आणखी एक जुडी द्या, परत ‘आत’ करून देतो. द्याल?”

“हो. लगेच.”

“झालं! निघालात तिथेच परत आलात, आणि दोन जुड्या गेल्या. फुकट! कळतंय का? तुमच्या या विसंगतीची किंमत आहे दोन जुड्या!”

बुन्निमने डोलची खाली ठेवली. चार दिवसांत तिने काम थांबवलं ते तेव्हाच.

“दोनच?”

“म्हणजे?”

“एवढाच दंड? मग हे पहिल्या दिवशीच सांगायचंस की रे. मी दोन जुड्या गावाला देते. आत.”

“काकू, तो दंड नाही. ती तुमच्या विचारातली चूक आहे, तिचं मी उदाहरण...”

“चूक नाही. मी तुंब्यात हात घालण्याआधी एक बोलले, घातल्यावर दुसरं बोलले, आणि दोन्ही वेळा खरं बोलले. माझं मत बदललं असं लिही. चुकलं असं लिहू नकोस. बदलायला दोन जुड्या पडत असतील तर पडू देत. बाजारात नवरा बदलून मिळत नाही दोन जुड्यांत.”

“मिळाला तरी बोटीत उलट्या करणाराच मिळेल,” कुमदानबाई पलीकडच्या खडकावरून म्हणाल्या.

“लोकहो, ठराव!” अध्यक्ष बे एवढ्या घाईने म्हणाले की त्यांचा पाय घसरला आणि ते कमरेपर्यंत पाण्यात गेले. तिथूनच त्यांनी ठराव मांडला. “लेखी निवड चकती हातात आल्यावर बदलायची असेल तर गावाच्या खात्यात दोन जुड्या! कुणाची हरकत?”

कुणाची नव्हती.

“मग वहिनींच्या दोन,” ते म्हणाले, “आणि, अं... माझ्या दोन.”

“माझ्याही,” कुमदानबाई म्हणाल्या.

वरच्या वस्तीतले दोघे तिथे नव्हते, पण त्यांच्या बायका होत्या. त्यांनी नवऱ्यांना न विचारता चार जुड्या जाहीर केल्या.

प्यो यांनी तिघा लाल चकतीवाल्यांकडे आणि त्या दोन बायकांकडे आळीपाळीने पाहिलं. “तुम्ही सगळेच?” ते म्हणाले. “मग त्या दिवशी सभागृहात कुणी काही बोललं का नाही?”

“सही केली होती ना,” अध्यक्ष पाण्यातून म्हणाले. “लाज वाटते.”

“मला नाही वाटत,” बुन्निम म्हणाली. तिने रुमाल सोडला, दातांनी गाठी सोडवल्या आणि चकती कुमदानबाईंकडे फेकली. त्या संध्याकाळी तुंब्यात वीस चकत्या मोजल्या गेल्या. इतिवृत्तात वेळ सहा वाजून दहा मिनिटे अशी आहे.

कापणीचे दिवस आले. घोड्याच्या दातापाशी समुद्र इतका सपाट होता की बोट बांधायचीही गरज पडली नाही. तिथे कुणाचीच पाळी नसल्यामुळे पाचही पाळ्या गावाने मिळून कापल्या. दोनशे एकतीस जुड्या निघाल्या आणि वीस घरांत वाटल्या गेल्या. बुन्निमने ‘मांडी’वर तीस कापल्या आणि दोन गावाला दिल्या.

“काकू, पंचेचाळीस मिळाल्या असत्या,” प्यो तिला धक्क्यावर म्हणाले. ते वजनं लिहायला आले होते.

“दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत.”

“वाईट नाही वाटत?”

“वाटतं ना. पंधरा जुड्यांचं वाटणार नाही तर कशाचं वाटणार? तरी परत विचारशील तर ‘आत’च सांगेन. तो दोर धर, ही जुडी बांधायचीय. घट्ट धर. जेवलास का?”

प्यो जूहान यांचा अंतिम अहवाल सप्टेंबरमध्ये आला. तो कचेरीत नावाजला गेला असं ऐकलं. त्यातला सतरा क्रमांकाचा भाग असा : ‘सदर कुटुंबास निवडप्रक्रियेत साहाय्य देण्यात आले. सुधारित लेखी पद्धतीस कुटुंबाचा सकारात्मक प्रतिसाद लाभला असून, विसंगतीचे शुल्क आकारून निराकरण करण्यात आले आहे. यापुढे निर्णय सुसंगत राहतील अशी अपेक्षा आहे.’

पुढच्या जूनमध्ये बुन्निमने अर्जावर ‘बाहेर’ लिहिलं. चकती पांढरी आली.